रात्रीत २३ वेळा

कुत्रं रात्रभर झोपतच नाही! पिल्लू तर नाहीच, पण दहा वर्षं घरात मुरलेलं, शहाणंसुरतं कुत्रंसुद्धा नाही! हे मला कळलं त्या दिवशी मी जो भेटेल त्याला सांगत सुटले. दूधवाल्याला सांगितलं, ऑफिसातल्या शिपायाला सांगितलं, खालच्या मजल्यावरच्या काकांना तर लिफ्टमध्ये गाठून सांगितलं. ॲडम्स आणि जॉन्सन या दोन संशोधकांनी कुत्र्यांच्या रात्री अक्षरशः मिनिटामिनिटाने टिपल्या आणि १९९३ साली छापल्या. सरासरी १६ मिनिटं झोप, ५ मिनिटं जाग, पुन्हा झोप, पुन्हा जाग. आठ तासांच्या एका रात्रीत अशी २३ आवर्तनं! काका म्हणाले, "मग माझ्यात आणि कुत्र्यात फरक काय?" आणि दुसऱ्या मजल्यावर उतरून गेले. पण मी त्या आकड्यावरून हलायलाच तयार नव्हते. कारण कुत्र्याला रात्री तेवीस वेळा जाग येणारच असेल, तर पिल्लाला "रात्रभर झोपायला" शिकवायचं म्हणजे शिकवायचं तरी काय? फक्त एवढंच, की जाग आली तर घाबरायचं नाही, कुणाला हाका मारायच्या नाहीत, कूस बदलायची आणि डोळे मिटायचे. बस्स! सगळा खेळ एवढाच आहे!

माझी शिष्या खारी. दिवाळीचे फटाके थांबल्यावर आमच्या नाशिकच्या सोसायटीशेजारच्या बांधकामावरून आली, तेव्हा जेमतेम दोन महिन्यांची होती. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायला आपल्याकडे २०१७ च्या नियमांनी बंदी आहे. खारी काही विकतची नव्हती, तरी तेवढे दिवस ती आईपाशी राहिली हे फार बरं झालं. पिल्लू जन्मतं तेव्हा आंधळं आणि बहिरं असतं. डोळे उघडायला दोन आठवडे, कान उघडायला त्याहून थोडे जास्त. पहिल्या आठवड्यात तर त्याला थंडीने कुडकुडणंही जमत नाही, अंगाची ऊब टिकवायची ती आईला आणि भावंडांना बिलगून. म्हणजे विचार करा, या जिवाला पहिल्यांदा जग कळतं ते वासातून, उबेतून, आणि आपल्या अंगावर पडलेल्या दुसऱ्या कुणाच्या तरी पायातून! जन्मल्यापासून ते एकदाही एकटं झोपलेलं नसतं. आणि आपण त्याला कौतुकाने घरी आणतो, नवी कोरी गादी देतो, दिवा मालवतो आणि दार लावून घेतो.

मग ते रडतं. रडणारच! अमेरिकेत बार हार्बरच्या प्रयोगशाळेत जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर यांनी वर्षानुवर्षं पिल्लांचा अभ्यास केला, १९६५ साली त्यावर जाडजूड ग्रंथ लिहिला. तिसऱ्या आठवड्यापासून पुढचे दोन-अडीच महिने पिल्लू माणसांशी, जागेशी, आवाजांशी नाती जोडत असतं, हे आज सगळे पशुवैद्य सांगतात त्याचा पाया तिथे घातला गेला. आणि पिल्लू एकटं पडलं, त्यातून अनोळखी जागेत पडलं, की ते ओरडतं. हा हट्ट नाही, लाडावणंही नाही. उघड्यावर हरवलेलं पिल्लू आईला सापडावं म्हणून केलेली ती निसर्गाची सोय आहे. "दोन रात्री रडू दे, आपोआप गप्प होईल," असं आम्हाला इमारतीतल्या निम्म्या लोकांनी सांगितलं. होतं ना गप्प. हाका मारून कुणी येत नाही हे कळल्यावर कोण ओरडत बसेल? पण अशा गप्प बसलेल्या पिल्लाला मध्यरात्री सतराव्यांदा जाग येईल, तेव्हा त्याला काय वाटत असेल, याचा विचारही मला करवत नाही.

आमच्या डॉक्टर बाई म्हणाल्या, "तुमच्या पलंगाशेजारी झोपवा, हात पोचेल इतक्या जवळ. लांब नंतर न्या." इतकं सोपं! पण खरी गुरुकिल्ली दिली ती बांधकामावरच्या वॉचमनच्या बायकोने. खारीला उचलून मी निघाले तर मावशी मागून धावत आल्या, हातात गोणपाटाचा फाडलेला तुकडा. "ताई, ह्ये बी घिऊन जा. ह्याच्यावरच निजत्यात समदी एका जागी." किती थोर बाई! तिने कुठलाही ग्रंथ वाचला नव्हता. त्या गोणपाटात आईचा वास, चार भावंडांचा वास, सगळं कुटुंब होतं. माझ्या आईने मात्र दारातच नाक दाबलं. "शी, हे आधी मशीनला लाव." मी ते गोणपाट छातीशी धरून उभी राहिले. "धुवायचं नाही! धुतलं तर मेलंच ते!" आईने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती मी लग्न करणार नाही म्हणाले होते तेव्हाची.

तर व्यवस्था अशी. फ्रिजचा खोका नको, फार मोठा होतो, मिक्सरचा लहान. टीव्हीचा खोका आडवा कापून बरोबर बसला. तळाला गोणपाट, एका कोपऱ्यात गरम पाण्याची रबरी पिशवी, आईच्या जुन्या लुगड्यात नीट गुंडाळलेली. एकाच कोपऱ्यात हं, म्हणजे उकडलं तर तिला बाजूला सरकता येतं. नाशिकची नोव्हेंबरची थंडी होती, तरी हे महत्त्वाचं. टिकटिक करणारं घड्याळ ठेवायचा सल्लाही मिळाला, आईच्या काळजाचे ठोके वाटतात म्हणे. ठेवलं. खारीने त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही, आणि पलीकडच्या खोलीत माझी आई त्या टिकटिकीने टक्क जागी राहिली. दुसऱ्या दिवशी घड्याळ परत भिंतीवर.

मी जमिनीवर गादी टाकली आणि हात खोक्यात सोडला. ती कुंईकुंई करायला लागली की बोटं हलवायची, बोलायचं नाही. ती नाक बोटांवर टेकवायची, एक मोठ्ठा सुस्कारा टाकायची (एवढ्याशा देहातून एवढा सुस्कारा येतो कुठून?) आणि झोपायची. वीसेक मिनिटांनी पुन्हा जाग, पुन्हा बोटं. मी चक्क मोजत होते आणि मनातल्या मनात ॲडम्स-जॉन्सनना टाळ्या देत होते!

आणि तो पाय झाडण्याचा प्रकार! झोपेत तिचे पाय धावायला लागले, ओठ दूध चोखल्यासारखे हलायला लागले, डोळ्यांच्या पापण्या फडफडायला लागल्या. आई ओरडली, "अगं फिट आली तिला!" फिट कसली, ती स्वप्नांची झोप. त्या झोपेत स्नायू ढिले ठेवणारी यंत्रणा मेंदूच्या खालच्या भागात असते आणि पिल्लांमध्ये ती अजून पुरती पक्की झालेली नसते, म्हणून हे सगळं बाहेर दिसतं. उठवायचं नाही. नुसतं बघत बसायचं. मी आणि आई रात्री एक वाजता खोक्यावर ओणवून ते बघत बसलो होतो.

शूचं गणितही ठरलेलं आहे. जितके महिने वय, त्यात एक मिळवा, साधारण तितके तास पिल्लू धरू शकतं. दोन महिन्यांचं पिल्लू तीन तास. म्हणजे अकराला निजलं तर दोनला उठणारच, ते रडणं वेगळं असतं, त्यात घाई असते आणि ते लगेच ओळखू येतं. लसी पुऱ्या होईपर्यंत पार्व्होच्या भीतीने रस्त्यावर न्यायचं नाही, म्हणून बाल्कनीत वर्तमानपत्र. त्यातली युक्ती अशी की आदल्या वेळचा ओला कागदाचा तुकडा नव्या कागदाखाली ठेवायचा, वासाने तिला जागा कळते. दिवा लावायचा नाही, लाड करायचे नाहीत, एक शब्द बोलायचा नाही, पाच मिनिटांत परत खोक्यात. रात्री उठणं इतकं कंटाळवाणं करायचं की त्यात काही मजाच उरू नये. संध्याकाळचं खाणं जरा लवकर द्यायचं. पाणी मात्र तोडायचं नाही. आणि गाईचं दूध अजिबात नको, पोट बिघडलं की रात्रीचं सगळं वेळापत्रक कोसळतं.

पण मला सगळ्यात वेड लावलं ते दिवसाच्या झोपेने. "रात्री झोपावी असं वाटत असेल तर दिवसभर दमव तिला," हे सगळेच सांगतात. साफ उलटं आहे! या वयाच्या पिल्लाला चोवीस तासांत अठरा ते वीस तास झोप लागते. सोसायटीतली पोरं शाळेतून आली की पाळीपाळीने खारीशी खेळायची आणि सातच्या सुमारास तिच्या अंगात यायचं. सोफ्याभोवती गरागरा फेऱ्या, घोट्याला चावे, पडद्याला लोंबकळणं. पोरं म्हणायची, "हिला अजून खेळायचंय!" अहो, तिला झोप आली होती! झोप अनावर झालेलं पिल्लू असंच पिसाळतं. उचलून खोक्यात ठेवलं, वर चादर टाकून अंधार केला, आणि दोन मिनिटांत घोरायला लागली. दुपारी पोरांना दाराबाहेर ठेवायला सुरुवात केली, तशा रात्री निवांत होत गेल्या. झोपेने झोप येते, काय सांगू!

त्यात बुडापेस्टच्या संशोधकांनी २०१७ मध्ये आणखी एक भारी गोष्ट दाखवली. तिथल्या कुत्र्यांना बसणं-पडणं हंगेरियन शब्दांवर येत होतं, त्याच कृतींसाठी त्यांना इंग्रजी शब्द शिकवले आणि मग झोपेत त्यांच्या मेंदूच्या लहरी मोजल्या. शिकल्यानंतरच्या झोपेत लहरी बदललेल्या होत्या. म्हणजे धडा झोपेत मुरतो! तेव्हापासून मी खारीला "बस" शिकवते ते दुपारच्या झोपेच्या अगदी आधी. आई म्हणते, मला दहावीत असं शिकवलं असतं तर मार्क बरे पडले असते.

मग हळूहळू माझा हात खोक्याबाहेर आला. मग मी गादीवरून पलंगावर. मग खोका पलंगापासून दारापर्यंत सरकला, रोज थोडाथोडा; एखाद्या रात्री ती बेचैन वाटली तर पुन्हा एक पाऊल मागे. संक्रांतीला खोका हॉलमध्ये गेला, खोलीचं दार उघडं. रात्री दोनला गल्लीतली कुत्री भुंकायला लागतात, तेव्हा मला जाग येते आणि मी ऐकत पडते. हॉलमध्ये खुडबुड होते, एक गिरकी, पंजाने गोणपाट खरवडल्याचा आवाज, आणि धपकन अंग टाकणं. झोपली! स्वतःहून! कुणालाही न बोलावता! मला दर वेळी उठून टाळ्या वाजवाव्याशा वाटतात आणि मी स्वतःला कशीबशी आवरते.

गोणपाटाला आता कसलाच वास येत नाही असं आईचं म्हणणं आहे, निदान पूर्वीचा तरी नाही. मशीनला लावायची परवानगी मी अजून दिलेली नाही.

आणि हो, काल फरशीवर एक इवलासा दात सापडला! पिल्लाला अठ्ठावीस दुधाचे दात असतात, चौथ्या महिन्याच्या आसपास ते पडायला लागतात आणि पुढे बेचाळीस पक्के येतात. बेचाळीस! आपल्यापेक्षा दहा जास्त! टीपॉयचा एक पाय आधीच गेलाय, खालच्या काकांना अजून हे सांगायचंय, आणि ते हल्ली जिन्याने जातात.