कुलूप बदलू नकोस, मावशी

प्रिय मावशी,



डोंबिवलीच्या ब्लॉकची मुदत संपूनही भाडेकरू हलत नाही, म्हणून तुझी झोप उडालीय. त्यात वरच्या मजल्यावरच्या काकांचा सल्ला: तो कामावर गेला की दुसरं कुलूप घाल, नाहीतर पाणी तोड. वकील म्हणून सांगते, यातलं काहीही करू नकोस. कायदेशीर मार्गाशिवाय ताबा काढून घेतला गेल्यास 6 महिन्यांत दावा लावता येतो. भाडेकरू त्याच तरतुदीचा आधार घेऊ पाहील, आणि फिर्यादी व्हायची ती तू आरोपीसारखी उभी राहशील.

तुझी बाजू भक्कम आहे, ती तुझ्या त्या निळ्या फाइलमुळे. ‘अकरा महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही’ असं तेव्हा एजंट म्हणत होता, आठवतं? आपल्याकडे 1999च्या भाडे नियंत्रण कायद्याने लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृतच लागतो, मुदत कितीही असो. आणि ती जबाबदारी मालकाची. तू नोंदवलास, म्हणून कलम 24 खाली थेट सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. समन्स मिळाल्यापासून 30 दिवसांत प्रतिज्ञापत्र देऊन परवानगी मिळवल्याशिवाय त्याला लढताही येत नाही. शिवाय मुदत संपल्यापासून दुप्पट दराने नुकसानभरपाई. म्हणून आता तो पैसे देऊ लागला, तर पावतीवर ‘भाडं’ लिहू नकोस.

आजोबा जागा भाड्याने द्यायला का घाबरत, तेही सांगते. 1 फेब्रुवारी 1973 रोजी लायसन्सवर राहत असलेल्यांना कायद्याने रातोरात संरक्षित भाडेकरू केलं. त्यानंतर कितीतरी मालकांनी घरं कुलपात ठेवली, पण कोणाला दिली नाहीत. त्या भीतीत तथ्य होतं. आज नोंदवलेल्या कराराला ती लागू नाही.

आता जरा रागावशील. गिरगावच्या चाळीतल्या खोलीचं तू जे भाडं भरतेस, त्यात महिन्याची कोथिंबीर येणार नाही. 1947च्या कायद्याने भाडी 1940च्या पातळीवर गोठवली, त्याचीच ही पुण्याई. तुझ्या मालकाला तुझं नळाचं पाणी तोडता येत नाही, तुला काढायचं तर स्वतःची खरी गरज कोर्टात सिद्ध करावी लागते, आणि त्याच्यापेक्षा तुझीच गैरसोय जास्त होणार असेल तर तेवढ्यावरही भागत नाही. डोंबिवलीत ज्या कायद्याला तू शिव्या घालतेस, गिरगावात त्याच्याच जोरावर निवांत झोपतेस! मला दोन्हीकडे तो थोडा कमी-जास्त व्हायला हवा असं वाटतं, पण मालकाच्या हाती हातोडा नको, हे नक्की.

एक मात्र सांभाळ. डोंबिवली रिकामी झाली की तिकडे राहायला जाण्याचा विचार आहे ना? गिरगावची खोली सबळ कारणाशिवाय 6 महिन्यांहून जास्त बंद राहिली, तर तेच तुझ्या मालकाला निमित्त पुरेल.

रविवारी येते. करारनामा, इंडेक्स टू आणि पासबुक काढून ठेव. प्लंबरला बोलावलं असलंस तर नको म्हणून सांग.

तुझी,
भाची