फोन परत, वॉरंटी मात्र आमच्याच गळ्यात

मागच्या दिवाळीत आईने स्वतःच्या पेन्शनमधून फोन घेतला. मी बरोबर होते, तरी जे व्हायचं ते झालंच. जेल रोडवरच्या दुकानात फोनची किंमत १४,९९९ रुपये सांगितली आणि बिल हातात आलं १८,५४७ चं. दोन वर्षांची जादा वॉरंटी १,९९९, स्क्रीन फुटली तर म्हणून ७९९, ग्लास ४००, कव्हर ३५०. काउंटरवरचा मुलगा आईला म्हणाला होता, "आंटीजी, ये सब साथ में ही आता है." आईचा जन्म इंदूरचा, हिंदी माझ्यापेक्षा पक्की. पण 'साथ में' म्हणजे फुकट, असं तिला वाटलं. खरं सांगायचं तर मलाही.

चौथ्या दिवशी लक्षात आलं, आईचा आवाज पलीकडे जातच नाही. पुण्याची मावशी नुसती "हॅलो, हॅलो" करून फोन ठेवून द्यायची आणि मग रुसायची. सर्व्हिस सेंटरने तपासून लिहून दिलं की दोष मुळातलाच आहे. दुकानात तेच मॉडेल शिल्लक नव्हतं. फोन ठेवून घेतला, १४,९९९ परत केले. बाकीचे ३,५४८?

"वो अलग आइटम हैं, दीदी. देखिए, बिल में लाइन भी अलग है." खाली छापलेलं होतंच, बिका हुआ माल वापस नहीं होगा.

मी आवाज चढवला तशी आईने माझी बाही ओढली. "चल गं. बाजारात तमाशा नको. मीच बघून घ्यायला हवं होतं." घरी येऊन तिने जुना बटणांचा फोन चार्जिंगला लावला आणि नवा नकोच म्हणाली. पैशांपेक्षा मला हे लागलं. शाळेत पस्तीस वर्षं गणित शिकवलेली बाई, आणि आता बेरीज आपल्याला जमत नाही असं तिला वाटायला लागलं होतं.

त्या रात्री मी कायदा वाचला. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा, २० जुलै २०२० पासून लागू झालेला. सदोष माल परत घेऊन पैसे परत करायला नकार देणं ही त्यात अनुचित व्यापार प्रथा धरली आहे. मुदत बिलावर लिहिलेली असेल ती, नसेल तर तीस दिवस. छापील ओळीने हा हक्क पुसला जात नाही. मात्र माल चांगला असताना नुसतं मन बदललं म्हणून परत करायचा असेल, तर हे कलम कामाचं नाही. तिथे दुकानाचा नियम चालतो.

जादा वॉरंटीचा मुद्दा तर अगदी सरळ होता. जो फोन दुकानदाराने स्वतःच परत घेतला, त्याची दोन वर्षं दुरुस्ती तो कशाची करणार? ग्लास-कव्हरचं तितकं सरळ नव्हतं. त्या वस्तूंमध्ये दोष नव्हता. सदोष फोनमुळे झालेलं नुकसान म्हणूनच ते मागता आलं असतं.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. बिल आईच्या नावावर, म्हणून फोन तिलाच करायला लावला. भाषांमध्ये मराठी होती. बँकेत, दवाखान्यात, भाजीवाल्याशी जन्मभर हिंदी बोललेली आई सरकारी फोनवर मराठीत बोलायला लागली, आणि हरतालिकेची कहाणी सांगावी तशी पहिल्यापासून सगळं सांगत गेली. मावशीच्या रुसण्यासकट. मी खुणा करत होते, आटप म्हणून. तिने लक्षच दिलं नाही. तक्रारीचा नंबर मिळाला. बिल आणि सर्व्हिस सेंटरचा कागद मी अपलोड केला.

नवव्या दिवशी दुकानातून फोन आला. आवाज एकदम मऊ. "मैडम, कंप्लेंट की क्या जरूरत थी, हमसे बोल देते." बोललो होतो की! वॉरंटी आणि स्क्रीनचे मिळून २,७९८ यूपीआयने आले. ग्लास आणि कव्हरचे साडेसातशे नाही आले.

त्यासाठी जिल्हा ग्राहक आयोग आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीची फी नाही, आणि मुदत दोन वर्षांची. मी तयार आहे. आई म्हणते, बघू. पण बिल तिने कपाटात दागिन्यांच्या डब्याखाली ठेवलंय, आणि ते टाकून देऊ देत नाही.

गेल्या महिन्यात दुसऱ्या दुकानातून तिने फोन घेतला. बिल आलं तेव्हा मागे तीन माणसं उभी होती. तिने चष्मा पुसला. "ये चार सौ काहे के?" काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "आंटीजी, वो तो साथ में..."

"साथ में मतलब फ्री?"

त्याने बिल परत घेतलं आणि नवीन काढलं.