आडनावाची झडती

भय हे मोठे आळशी असते, असे आम्हांस पुष्कळदा वाटते. खरा अपराधी शोधावयाचा तर श्रम पडतात. शेजारी आयताच हाताशी असतो.

26 नोव्हेंबर 2008 रोजी मुंबईवर हल्ला होऊन 166 माणसे प्राणांस मुकली. मृतांत हिंदू होते, तसे मुसलमानही होते. ठार झालेल्या नऊ हल्लेखोरांना आपल्या दफनभूमीत जागा देण्याचे मुंबईच्या मुसलमानांनी साफ नाकारले. (वास्तविक असे उत्तर त्यांच्याकडे मागण्याचेच काही कारण नव्हते.) तथापि जून 2012 मध्ये या कटातील एक सूत्रधार म्हणून जबिउद्दीन अन्सारी पकडला गेला, तो आमच्या बीड जिल्ह्यातील गेवराईचा निघाला, आणि ते उत्तर लोक विसरून गेले.

त्या वर्षी आमचा एक विद्यार्थी पुण्यास खोली शोधीत होता. आडनाव अन्सारी, गाव गेवराई. भाडे ठरे, नाव सांगितले की खोली कालच दिलेली असे! आम्ही एका जुन्या स्नेह्यांकडे त्याच्यासाठी शब्द टाकला. गृहस्थ सज्जन. म्हणाले, "मुलगा चांगलाच असणार हो, पण दिवस कसे आहेत, पाहता ना?" आमचे आजोळही गेवराईचेच, परंतु त्याबद्दल आम्हांस आजवर कोणी हटकले नाही.

आमच्या भागास हे नवे नाही. रझाकारांचा जुलूम आमच्या वडीलधाऱ्यांनी सोसला. तो खोटा कोण म्हणेल? पण सप्टेंबर 1948 च्या पोलीस कारवाईनंतर सूड उगवला गेला तो ज्यांनी कधी काठीही उचलली नव्हती अशांवरही. भारत सरकारने पाठविलेल्या पंडित सुंदरलाल समितीने मृतांचा अंदाज 27 ते 40 हजार असा दिला; पीडित जिल्ह्यांत बीडही आहे. तो अहवाल कित्येक दशके दप्तरात पडून राहिला. 17 सप्टेंबरच्या झेंडावंदनास आम्ही दरसाल जातो, पुष्कळ भाषणे ऐकतो; या अहवालाचा उल्लेख मात्र आमच्या कानी आलेला नाही.

त्याच अहवालात असे आहे की, काही ठिकाणी हिंदू विणकरांनी आपल्या मुसलमान विणकर बांधवांस वाचविले, आणि त्यापायी स्वतःचे प्राणही गमावले. अन्सारी हे आडनाव परंपरेने विणकरांचेच. पुढे तो उतारा आम्ही त्या विद्यार्थ्यास वाचावयास दिला. त्याने तो दोनदा वाचला आणि विचारले, "सर, या विणकरांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत का?"