एरियल

मार्केट यार्डात दुपारी तीन-साडेतीनला जी शांतता पसरते ती काही खरी शांतता नव्हे. पहाटेपासूनचे लिलाव, हमालांच्या आरोळ्या, मागे घेतल्या जाणाऱ्या गाड्यांचा कालवा हे सगळं एकदम ओसरतं आणि कान बधिर झाल्यासारखे वाटतात, इतकंच. त्या वेळी ड्रायव्हर मंडळी गाड्यांच्या सावलीत चटया टाकून आडवी झालेली असतात. अशाच एका दुपारी मी आमच्या आप्पांच्या ट्रकच्या टपावर पॉलिशपेपर घेऊन बसलो होतो आणि खालून आप्पा ओरडत होते, "आरं, रंग कशाला खरवडतोयस? दसऱ्याला दिलाय त्यो!"

रंग का खरवडत होतो ते सांगायचं, तर थोडं मागे जायला हवं.

आप्पा म्हणजे माझे वडील आणि तात्या म्हणजे धाकटे चुलते. दोघांच्या दोन गाड्या. ओतूर-आळेफाट्याकडचा कांदा कधी इकडे गुलटेकडीला आणायचा, कधी माळशेज घाट उतरून कल्याणला पोचवायचा, हा धंदा. गाड्या जोडीनंच निघतात. आप्पा पुढे, तात्या मागे. हा क्रम मला कळतं तेव्हापासूनचा आहे आणि तो कुणी ठरवलेला नाही. थोरला पुढे, धाकटा मागे, एवढाच त्याचा नियम.

२०२२ च्या जुलैत एका रात्री दोघंही चाळीतला कांदा भरून कल्याणला निघाले. खुबी फाट्याच्या पुढे धुकं इतकं, की स्वतःच्या गाडीचा दिवासुद्धा परका वाटावा. घाट अर्धा उतरला आणि तात्यांच्या गाडीचा मागचा मेन पाटा तुटला. त्यांनी हॉर्न दिले, दिवे मारले. पुढच्या वळणाआड गेलेल्या आप्पांना त्यातलं काही दिसलं नाही की ऐकू आलं नाही. मोबाइलला रेंज नव्हती. आप्पांनी टोकावड्याला चहा घेतला, 'येईल मागनं' म्हणून दहा मिनिटं वाट पाहिली आणि सकाळचा बाजार गाठायचा म्हणून निघून गेले. तात्यांनी आणि त्यांच्या क्लीनरनं चाकांना दगड लावले, मागच्या बाजूला रस्त्यावर फांद्या टाकल्या आणि रात्रभर पावसात बॅटरी हलवत उभे राहिले. एक टँकर हातभर अंतरावरून गेला म्हणे. सकाळी सातला, इकडे कांदा उतरून झाल्यावर, फोन लागला.

घरी आल्यावर तात्या एकच वाक्य बोलले. "दादा, मागं बगायचं आसतं."

त्यानंतर ते आप्पांशी बोलेनासे झाले. भांडण नाही, वाटणी नाही, नुसतं बोलणं बंद. गाड्या मात्र जोडीनंच निघत. निरोप्या मी. "सांग तुझ्या बापाला, उद्या चारला भरायचंय." "सांग तुझ्या चुलत्याला, डिझेल टाकलंय." दोघं एकाच ओट्यावर चहा पीत बसलेले असायचे आणि मी मध्ये.

मी कला शाखेचा विद्यार्थी. इतिहास आणि मराठी. विजेच्या बाबतीत माझी मजल फ्यूजच्या तारेपर्यंत. पण इतिहासाचाच एक संदर्भ शोधताना अमेरिकेतल्या ट्रकवाल्यांची हकिगत वाचनात आली. तिथे सामान्य नागरिकांसाठी म्हणून रेडिओलहरींचा एक छोटा पट्टा १९५८ पासून खुला होता. त्याला 'सिटिझन्स बँड' म्हणतात. १९७३ साली तेलाची टंचाई आली, पाठोपाठ महामार्गांवर ताशी ५५ मैलांची वेगमर्यादा आली, तेव्हा ट्रकवाल्यांनी या रेडिओवरून एकमेकांना कुठल्या पंपावर डिझेल आहे आणि कुठल्या झाडाआड पोलीस उभा आहे ते कळवायला सुरुवात केली. गर्दी इतकी वाढली, की २३ चॅनेल पुरेनात. १ जानेवारी १९७७ पासून ती ४० करावी लागली. मला त्या पोलिसांचं कौतुक नव्हतं. माझ्या डोळ्यांपुढे एकच गोष्ट होती : पुढची गाडी आणि मागची गाडी, आणि मध्ये टॉवर-बिवर काही नाही.

आमच्या गल्लीत टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ राहतात. परवाना असलेले हौशी रेडिओवाले. गच्चीवर तारांचं जाळं, म्हणून आम्ही मुलं त्यांना बिनतारीकाका म्हणतो. त्यांना विचारलं तर ते खुलले. आपल्याकडेही २००५ सालच्या नियमांनी २६.९५७ ते २७.२८३ मेगाहर्ट्झ हा पट्टा ५ वॅटपर्यंत परवान्याशिवाय वापरायला मोकळा झाला आहे, हे त्यांनी सांगितलं. त्यांच्याकडे दोन जुने सेट पडून होते. सेट ४० चॅनेलचे, पण आपल्या नियमात त्यातली पहिली २७ च बसतात. अठ्ठाविसावं २७.२८५ वर असतं, म्हणजे अवघ्या दोन किलोहर्ट्झनं बाहेर पडतं. काकांनी दोन्ही सेटांच्या डायलवर सत्ताविसाच्या पुढे नेलपॉलिशची लाल रेघ ओढली आणि मगच सेट माझ्या हाती दिले. "परवाना लागत नाही म्हणजे वाटेल ते चालतं असं नव्हे, कळलं?"

सेट मिळाले म्हणजे काम झालं असं मला वाटलं होतं. काका हसले. म्हणाले, "सेट ही सोपी गोष्ट. खरं काम एरियलचं."

२७ मेगाहर्ट्झची लहर अकरा मीटर लांब. तिच्या पाव लांबीची काठी हवी, म्हणजे पावणेतीन मीटर, नऊ फूट. आधीच कांद्यानं भरलेली गाडी, तिच्या टपावर नऊ फुटी काठी लावली तर यार्डातून बाहेर पडेपर्यंत ती तीन वायरी आणि एक पिंपळ घेऊन जाईल. म्हणून चार फुटांची फायबरची काठी घ्यायची. तिच्या अंगावर तार गुंडाळलेली असते, त्या वेटोळ्यांमुळे काठी विजेच्या हिशेबानं लांब होते. बुडाशी स्प्रिंग, म्हणजे फांदी लागली तर मोडण्याऐवजी लवेल.

वायर आणायला मी तापकीर गल्लीत गेलो आणि स्वस्त मिळाली म्हणून टीव्हीची केबल घेऊन आलो. ती ७५ ओहमची, आपल्याला हवी होती ५० ची. दिसायला सारखीच. पुन्हा खेप.

बसवायचं काम बॅटरीवाल्या चाचांकडे. चाचांचं दुकान म्हणजे एक टपरी आणि तिच्यासमोर उभ्या असलेल्या चार गाड्यांचं उघडं पोट. पहिला वाद व्होल्टेजवरून झाला. आमच्या गाड्यांना दोन-दोन बॅटऱ्या, मिळून २४ व्होल्ट. सेट १२ चा. चाचांची रीत अशी, की टेप लावायचा असला तर दोनपैकी एका बॅटरीवरून तार ओढायची. काका म्हणाले, मग एक बॅटरी जास्त उपसते, दुसरी जास्त चार्ज होते आणि दोन्ही अकाली मरतात. मध्ये २४ चे १२ करणारा डबा बसवा. चाचांनी क्षणभर विचार केला आणि म्हणाले, "म्हणून माझं गिऱ्हाईक सारखं परत येतंय!"

मग पहिली चाचणी. सेट आणि एरियल यांच्यामध्ये एक मीटर लावतात. पाठवलेल्यातलं किती परत येतं ते तो दाखवतो. आकडा १ च्या जवळ असला तर उत्तम, दीडपर्यंत चालतो, ३ च्या वर गेला तर सेट जळायची भीती. आमचा काटा ३ ओलांडून पार पलीकडे जाऊन टेकला. काठी तीच, वायर बरोबर, तरी असं का?

चाचांनी केबिनवर बोटानं टकटक केलं आणि म्हणाले, "बेटा, याला अर्थच नाही."

मी मराठीचा विद्यार्थी, दचकलोच. पण ते वायरिंगमधल्या 'अर्थ'बद्दल बोलत होते. आप्पांची गाडी चासी घेऊन बांधवलेली. केबिनला आतून लाकडाचा सांगाडा, त्यावर ठोकलेला पत्रा. टपाचा पत्रा लाकडावर बसलेला, चासीशी त्याचा संबंध नाही. एरियलची काठी म्हणजे अर्धंच एरियल, उरलेलं अर्धं म्हणजे तिच्या पायाखालचं लोखंड. ते नसेल तर काठी नुसती शोभेची. परदेशात ज्या घरासारख्या मोटारी असतात, आत पलंग, चूल, मोरी असलेल्या, त्यांचं छप्पर फायबरचं. तिथेही हौशी लोकांची हीच रड असते, असं काकांनी सांगितलं. त्या मोटारीत माणसं मजेसाठी राहतात. आमचे आप्पा महिन्यातले वीस दिवस केबिनमध्येच झोपतात, तेव्हा तीही एक राहती मोटारच म्हणायची.

तर म्हणून तो पॉलिशपेपर. एरियलचा ठाणवा जिथे बसणार तिथला रंग पांढरा पत्रा दिसेपर्यंत काढला. दातेरी वायसर घातले. टपाच्या पत्र्यापासून तांब्याची चपटी पट्टी खाली चासीपर्यंत आणली, तिथेही गंज घासला, बोल्ट आवळून वर ग्रीस फासलं. काटा २ वर आला. शेजारी कोबीचा ट्रक येऊन उभा राहिला तसा पुन्हा अडीचवर गेला. यार्डातल्या लोखंडी पत्र्यांत आणि गाड्यांच्या गर्दीत माप घ्यायचं नसतं, हेही तेव्हाच कळलं. गाडी मोकळ्या मैदानात नेली. पहिल्या चॅनेलवर कमी आणि सत्ताविसाव्यावर जास्त, म्हणजे काठी लांब. टोकाची तार तीन-तीन मिलिमीटर कापत गेलो. कापलेलं परत जोडता येत नाही, त्यामुळे प्रत्येक वेळी काका, चाचा आणि मी तिघंही श्वास रोखून. १.४ वर थांबलो.

जागेचाही एक विचार होता. ज्या दिशेला पत्रा जास्त पसरलेला, त्या दिशेला आवाज जास्त जातो. म्हणून आप्पांचं एरियल टपाच्या पुढच्या कडेला, म्हणजे आवाज मागे जाईल, आणि तात्यांचं टपाच्या मागच्या कडेला, म्हणजे पुढे. तात्यांनी आधी निरोप धाडला होता, "सांग तुझ्या बापाला, माझ्या गाडीला भोक पाडायचं न्हाई." आप्पांचं उत्तर, "सांग तुझ्या चुलत्याला, भोक पाडल्याशिवाय बसत न्हाई." शेवटी मी कुणालाच काही न सांगता भोक पाडलं.

फेब्रुवारीतल्या एका संध्याकाळी तात्यांची गाडी गंगाधाम चौकाकडे नेली आणि आप्पा यार्डात. मी आप्पांच्या शेजारी. माइकचं बटण दाबलं की बोलायचं, सोडलं की ऐकायचं. आप्पांनी बटण दाबलं आणि बोलले. सोडलं. काही नाही. पुन्हा दाबलं. तिकडून क्लीनरचा मला फोन, "तात्या बोलत्यात, पन तुमी काय बोलतच न्हाई!" दोघंही एकाच वेळी बटण दाबून बोलत होते आणि दोघांनाही दुसऱ्याचं ऐकू येत नव्हतं. आमच्या घरात हे काही नवीन नव्हतं.

मी सांगितलं, आपलं झालं की 'ओव्हर' म्हणायचं आणि बटण सोडायचं.

"ओव्हर काय? आपन काय मिल्ट्रीत हाय?" आप्पा म्हणाले. थोडा वेळ माइककडे बघत राहिले. मग बटण दाबून म्हणाले, "तात्या, मी यार्डात हाय. बोल."

खरखर झाली. मग तात्यांचा आवाज, नाकातून आल्यासारखा, पण स्वच्छ. "ऐकू येतंय दादा. बोल."

सात महिन्यांनी. त्यावर दोघंही कांद्याच्या भावाबद्दलच बोलले, पण प्रत्येक वाक्याच्या शेवटी 'बोल' म्हणत. मी खाली उतरून हमाल पंचायतीच्या 'कष्टाची भाकर'मध्ये जाऊन झुणका-भाकर खाल्ली. परत आलो तरी चाललंच होतं.

आता खरं सांगायचं तर हे यंत्र काही जादूचं नाही. सपाट रस्त्यावर चार-पाच किलोमीटर चालतं, घाटात डोंगर आडवा आला की बसतं. बिनतारीकाकांनी ते आधीच बजावलं होतं आणि मी आप्पांना ते सांगितलं नव्हतं.

२०२३ च्या जुलैत मी सुट्टी काढून आप्पांबरोबर गेलो. मढ सोडलं तेव्हा पाऊस होता, घाटाच्या तोंडाशी धुकं. वरच्या दोन वळणांपर्यंत तात्यांचा आवाज येत होता. तिसऱ्या वळणाला गेला.

"तात्या, कुटं हाईस? बोल."

नुसती खरखर.

"तात्या, बोल."

खरखर. डोंगर आडवा असेल, असं मी म्हणालो. आप्पांनी ऐकलं नाही. जरा रुंद जागा आली तशी त्यांनी भरलेली गाडी कड्याच्या बाजूला घेतली, हँडब्रेक ओढला, मला उतरून चाकाला दगड लावायला सांगितलं. मी भिजून वर आलो तर ते माइक हातात धरूनच बसलेले. "द्या, मी बोलवतो," म्हटलं तर दिला नाही. कल्याणचा बाजार, वेळ, काही बोलले नाहीत. आरशात मागे बघत होते. पाचेक मिनिटं झाली असतील. मला ती फार वाटली.

मग तुटक तुटक आवाज आला. "दादा... म्हशी आडव्या आल्यात... धा-बारा हाईत... थांबलोय. बोल."

आप्पांनी बटण दाबलं.

"मी बी थांबलोय. बोल."