वय विचारा, आधार कशाला?

आम्ही शिक्षक मंडळी मुलांचे वय शाळेच्या दाखल्यावरून ओळखतो; मोबाइल मात्र मूल सांगेल ते खरे मानतो. ॲप जन्मसाल विचारते, सातवीतला मुलगा २००० साल निवडतो आणि खाते सुरू होते. पुढे त्याच्या नजरेस काय काय पडेल, याची काळजी आज प्रत्येक घरात अम्मी-अब्बांना आहे.

या काळजीतूनच वयाची पडताळणी सक्तीची करणारे कायदे आले आहेत. ब्रिटनमध्ये अश्लील संकेतस्थळांना २५ जुलै २०२५ पासून पाहणाऱ्याच्या वयाची खात्री करावी लागते. ऑस्ट्रेलियात १० डिसेंबर २०२५ पासून १६ वर्षांखालील मुलांना खाते उघडू न देण्याची जबाबदारी समाजमाध्यम कंपन्यांवर आहे. आपल्याकडे २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानुसार १८ वर्षांखालील मुलाची माहिती वापरण्यापूर्वी पालकांची पडताळलेली संमती लागेल. मुलांवर पाळत ठेवून त्यांना जाहिराती दाखवण्यासही या कायद्यात मनाई आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर झाले आणि पालकांच्या संमतीची अट त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होणार आहे.

हेतू चांगला आहे, यात शंका नाही. पण लहान कोण हे शोधायचे तर मोठा कोण हेही तपासावे लागते. म्हणजे पुरावा मुलांबरोबर घरातल्या थोरामोठ्यांनाही द्यावा लागतो. कुठे ओळखपत्राचा फोटो मागतात, तर कुठे कॅमेऱ्यात चेहरा पाहून संगणक वयाचा अंदाज बांधतो.

हा पुरावा पुढे कोणाकडे राहतो? ऑक्टोबर २०२५ मध्ये डिस्कॉर्ड या गप्पांच्या ॲपने जाहीर केले, की सुमारे ७०,००० वापरकर्त्यांच्या ओळखपत्रांचे फोटो चोरांच्या हाती लागले असावेत. वयाबाबतच्या तक्रारी सोडवण्यासाठी ते घेतले होते आणि बाहेरच्या एका कंपनीच्या यंत्रणेतून ते फुटले. पासवर्ड फुटला तर बदलता येतो. चेहरा आणि जन्मतारीख कशी बदलणार?

आपल्या घरांसाठी हा प्रश्न आणखी नाजूक आहे. आधार कार्डावर वयाबरोबर नाव आणि पत्ताही असतो. आपल्या नावावरून धर्म कळतो, पत्त्यावरून मोहल्ला. कोण काय वाचते, कोणत्या आजाराची माहिती शोधते, हे त्या नावाला जोडले गेले तर त्याचा उपयोग कोण कसा करील, हे आपल्या हाती उरत नाही. ज्या भगिनी व्हॉट्सॲपवरही स्वतःचा फोटो ठेवत नाहीत, त्यांनी अनोळखी कंपनीच्या कॅमेऱ्यापुढे चेहरा का धरावा?

सूरह नूरच्या ५८ आणि ५९ व्या आयतीत वय आणि खाजगीपणा यांचा विचार एकत्रच आला आहे. लहान मुलांनी दिवसातल्या तीन वेळा परवानगी घेऊन आत यावे आणि वयात आल्यावर नेहमीच घ्यावी, अशी ती शिकवण आहे. सूरह हुजुरातच्या १२ व्या आयतीत दुसऱ्याची टेहळणी करण्यास मनाई आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनीही २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने खाजगीपणा हा मूलभूत हक्क मानला.

वय तपासायला पूर्ण ओळख लागत नाही. आपल्या मागच्या पिढीतल्या कितीतरी जणांची जन्मतारीख गुरुजींनी अंदाजे १ जून लिहिली, तरी त्यांचे शिक्षण अडले नाही. येथेही '१८ पूर्ण आहेत का?' याचे हो किंवा नाही एवढेच उत्तर पुरे आहे. नव्या नियमांत डिजिलॉकरसारख्या सेवेकडून मिळालेल्या डिजिटल टोकनची सोय आहे. कंपन्यांनी तीच वाट धरावी, असा आग्रह आपण धरला पाहिजे.

तोवर घरात एवढे करता येईल. अम्मीच्या मोबाइलवर आलेला ओटीपी अनेक घरांत मूलच वाचते आणि मूलच भरते. अशी संमती पालकांची कशी म्हणावी? ओटीपी कशासाठी आला, हे विचारल्याशिवाय देऊ नये. आधारची प्रत द्यावीच लागली तर पहिले आठ अंक झाकलेली द्यावी. आणि मूल मोबाइलवर काय पाहते, हे अधूनमधून त्याच्या शेजारी बसून, मायेने विचारावे. ते काम कोणत्याही कायद्यावर सोपवता येणार नाही. मुले आपल्याकडे अल्लाहची अमानत आहेत.