तिरप्या उन्हातले दोन फोन

कातळशिल्प भरदुपारी दिसत नाही. सूर्य माथ्यावर असताना राजापूर तालुक्यातल्या एखाद्या सड्यावर उभं राहिलं, तर पायाखाली नुसता जांभा असतो. पावसाने धुतलेला, उन्हाने काळवंडलेला, नजर पोचेल तिथवर आडवा पसरलेला. मधूनमधून वाळलेलं गवत. आपण कातळात कोरलेल्या हत्तीच्या पाठीवर उभे आहोत, हे सांगूनही कळत नाही. मग पाचनंतर ऊन कलायला लागतं. दोन बोटं खोल रेघेच्या पश्चिमेकडच्या कडेखाली सावली धरते, ती सावली रेघेरेघेने पुढे सरकते, आणि काही वेळाने सोंड, पाठ, पाय असं सगळं एका आकारात उभं राहतं. काशेळीचे अण्णा हे फार नेमकं सांगतात. "ताई, आत्ता नको. उन्ह कलू दे, मग तो आपसूक उठतो."

या रेघांना रंग नाही, चमक नाही. त्यांच्याकडे आहे ती फक्त सावली. म्हणून नवा फोन घ्यायचं ठरलं तेव्हा माझ्यापुरता प्रश्न एवढाच होता की सावली कोण जपेल.

समोर दोन फोन होते. भाच्याकडे आयफोन १६ प्रो आणि धाकट्या दिराकडे गॅलेक्सी एस२५ अल्ट्रा. पहिला सप्टेंबर २०२४ मध्ये आलेला, दुसरा जानेवारी २०२५ मध्ये. दोघांतही २५६ जीबीचा पर्याय धरला तर बाजारात आले तेव्हाची किंमत १,२९,९०० आणि १,२९,९९९ रुपये. म्हणजे फरक नव्व्याण्णव रुपयांचा. एका फोनच्या पैशांत घराचं पत्र्याचं छप्पर बदलून होतं, हे मला कळतं. एवढी रक्कम एका खिशात मावणाऱ्या वस्तूवर घालायची तर ती वस्तू आपल्या कामाला पुरेपूर उतरली पाहिजे, असं माझं मत आहे. दुकानातल्या पांढऱ्या दिव्याखाली ते कळत नाही. तिथे दोन्ही फोन सारखेच देखणे दिसतात. म्हणून शिमग्याला गावी गेलो तेव्हा दोघांनाही सांगितलं, संध्याकाळी फोन चार्ज करून ठेवा, सड्यावर जायचंय.

माझं काम म्हणजे या चित्रांची टिपणं ठेवणं. रत्नागिरीचे सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि त्यांच्या सोबत्यांनी वर्षानुवर्षं सडे पालथे घालून ही शिल्पं शोधली, लोकांपुढे आणली. २०२२ मध्ये कोकणातली नऊ ठिकाणं युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली. रत्नागिरी जिल्ह्यातली सात, सिंधुदुर्गातलं कुडोपी आणि गोव्यातलं फणसायमळ. काशेळीचा हत्ती सुमारे अठरा मीटर लांब आहे आणि त्याच्या अंगात इतर प्राणी, जलचर कोरलेले आहेत. बारसूला एक माणूस आहे, दोन्ही बाजूंना वाघ आणि मध्ये तो. हजारो वर्षांपूर्वी कुणीतरी दगडाने दगड कोरत हे केलं, आणि त्यात गेंड्यासारखे, आज कोकणात नसलेले प्राणीही आहेत. पण या चित्रांना भिंत नाही, दार नाही. चिरेखाण पुढे सरकली की गेलं. रस्ता रुंद झाला की गेलं. २०२३ च्या एप्रिलमध्ये बारसूच्या सड्यावर रिफायनरीसाठी माती परीक्षण सुरू झालं, तेव्हा गावातल्या बायका उन्हात जमिनीवर बसून राहिल्या होत्या. त्या दिवसांत मला पहिल्यांदा तीव्रतेने वाटलं की आपण पाहिलं ते नीट टिपून ठेवलं पाहिजे.

सड्यावर चालताना फोन हातातच असतो. म्हणून आधी वजन. आयफोन १९९ ग्रॅम, सॅमसंग २१८. आकडा ऐकून काहीच वाटत नाही, पण सॅमसंगचा पडदा ६.९ इंचांचा आहे आणि माझ्या तळव्यात तो मावत नाही. अंगठा पलीकडच्या कडेला पोचत नाही. आयफोन ६.३ इंचांचा, मुठीत बसतो. दोघांचीही चौकट टायटॅनियमची. उन्हात धरून ठेवल्यावर दोन्ही फोन तापले, त्यात कुणी उजवं-डावं नव्हतं. पण पडद्याचा फरक पहिल्याच मिनिटाला कळला. आयफोनच्या काचेत माझी टोपी, आभाळ, मागची करवंदीची जाळी सगळं दिसत होतं आणि त्यातून मला हत्ती शोधावा लागत होता. सॅमसंगच्या काचेवर प्रकाशाचं परावर्तन कमी करणारी योजना आहे. तिथे माझा चेहरा विझून गेला आणि मागे कातळ शिल्लक राहिला.

मग ऊन कललं. दिराने आणि भाच्याने एकाच जागी उभं राहून हत्तीच्या सोंडेचा फोटो काढला. आणि दोन्ही फोटोंत सोंड डोळ्यांना दिसत होती त्याहून फिकी होती.

याचं कारण आजच्या फोनच्या मुळाशी आहे. आपण बटण एकदा दाबतो, पण फोन एक फोटो काढत नाही. तो लागोपाठ अनेक काढतो, काही उजळ, काही काळोखे, आणि ते एकमेकांवर बसवून एक चित्र बनवतो. लख्ख जागा दबवतो, अंधाऱ्या जागा उचलतो. आभाळही दिसावं आणि झाडाखालचा माणूसही दिसावा म्हणून. घरच्या कार्यात हे वरदान आहे, खिडकीपाशी बसलेल्या आजीचा चेहरा काळा पडत नाही. पण कातळावर फोनने सावली उचलली की त्याने रेघच पुसली. कुणा माणसाने मुद्दाम खोदलेली आणि हजारो वर्षं टिकलेली कडा एका क्षणात गुळगुळीत केली. इतकं महागडं यंत्र नेमकं तेच गाळत होतं जे मी बघायला आले होते, याचं मला मनापासून वाईट वाटलं.

"मावशी, थांब," म्हणत भाच्याने आयफोनमधल्या फोटोग्राफिक स्टाइल्स उघडल्या. तिथे एक चौकोनी पट्टी आहे. बोट खाली ओढलं की टोन उतरतो, सावल्या गडद होतात, आणि हे फोटो काढण्याआधीच पडद्यावर दिसतं. त्याने बोट ओढलं आणि सोंडेची कडा वर आली. मग सुळा. मग पुढच्या पायाजवळचा मासा, जो मला आजवर नीट दिसलाच नव्हता. ते दृश्य बघताना मी त्याचा दंड घट्ट धरला होता. सॅमसंगमध्येही हे होतं, पण प्रो मोडमध्ये जाऊन, एक्सपोजर स्वतः खाली आणून. दिराला त्यातलं सगळं ठाऊक आहे, मलाही शिकता येईल. पण सावली सरकत असते. अशा वेळी बोटाच्या एका ओढीत जमतं ते मोलाचं. या एका गोष्टीत आयफोन सरळ पुढे आहे, आणि मला तेव्हा वाटलं की ठरलंच आता.

आयफोनच्या मागे लायडारही आहे. अवरक्त प्रकाश सोडायचा, तो परत यायला किती वेळ लागतो ते मोजायचं, आणि त्यावरून अंतर काढायचं. पाचेक मीटरच्या टप्प्यातली खोली, भिंत, झाड तो सहज मोजतो. माझी फार आशा होती की याने कातळाची त्रिमितीय प्रत निघेल. निघाली, पण सपाट. प्रकाश एका नॅनोसेकंदात सुमारे तीस सेंटिमीटर जातो. दोन सेंटिमीटर खोल रेघेच्या तळाहून परत येताना त्याला कडेपेक्षा जेमतेम चार सेंटिमीटर जास्त जायचं असतं. तेवढा बारीक फरक फोनमधल्या लायडारच्या हाती लागत नाही. सड्याचा उंचसखलपणा आला, हत्ती आला नाही. त्यापेक्षा एकावर एक चढणारे भरपूर फोटो काढून संगणकावर जोडले की खोली चांगली उमटते, आणि ते काम दोन्ही फोन करतात.

दिराचा भर दोनशे मेगापिक्सेलवर होता. "वहिनी, झूम करून बघा, जांभ्याचं भोक न् भोक दिसतंय." खरंच दिसत होतं, पण भर उन्हात. त्या सेन्सरवरचा एकेक पिक्सेल ०.६ मायक्रोमीटरचा आहे. तांबड्या प्रकाशाच्या लहरीची लांबी साधारण ०.७. म्हणजे ज्या प्रकाशाला पकडायचं त्याच्याहून पकडणारी ओंजळ लहान. म्हणून एरवी हा फोन सोळा पिक्सेलांचा मिळून एक करतो आणि बारा मेगापिक्सेलचा फोटो देतो. सूर्य बुडताना तोच फोटो जास्त खरा होता.

एके सकाळी देवाचे गोठणे इथे गेलो. तिथे मनुष्याकृतीच्या परिसरात होकायंत्र नीट दिशा दाखवत नाही. दोन्ही फोनांची दिशादर्शक सुई तिथे भरकटली. पुढे-मागे झालो तरी पुन्हा भरकटली. एवढ्या किमतीच्या दोन वस्तू एका दगडापुढे सारख्याच गोंधळलेल्या बघून मला त्या दगडाबद्दल अपार आदर वाटला.

शिमग्याची रात्र मात्र आयफोनची. पालखी सहाणेवरून उठली, ढोल-ताशे वाजू लागले, आणि खांद्यावर पालखी घेऊन पोरं नाचायला लागली. होमाचा उजेड एका बाजूने, बाकी काळोख. सॅमसंगच्या फोटोत रुप्याचे मुखवटे स्वच्छ आले, पण नाचणाऱ्यांचे हात विरघळले. आयफोनमध्ये दाबलं त्याच क्षणाचा फोटो आला, उडालेल्या गुलालासकट. व्हिडिओत ढोलाचा आवाजही फुटला नाही. वर्षातून एकदा गावी येणाऱ्या चाकरमान्याला हा एक फोटो पुरे आहे. त्याने मला विचारलं, तर मी डोळे मिटून आयफोन सांगेन.

मी सॅमसंग घेतला.

कारण त्याच्या पोटात पेन आहे. खालच्या कोपऱ्यात दाबलं की टक् करून बाहेर येतं. काशेळीला दुसऱ्या संध्याकाळी मी दिराचा फोन मागून घेतला, हत्तीच्या पुढच्या पायाचा फोटो काढला आणि तिथेच, चवड्यांवर बसून, फोटोवर रेघ ओढायला लागले. एका ठिकाणी अडले. फोटोत दोन रेघा दिसत होत्या, एक कोरलेली आणि एक नुसती भेग. मी डाव्या हाताचं बोट कातळावर ठेवलं. कोरीव रेघेची कड बोटाला गोलसर लागते, भेगेची कड खरखरीत, तुटकी. बोट कातळावरून पुढे गेलं, उजव्या हातातलं पेन पडद्यावरून त्याच्यामागे गेलं. हलकं दाबलं की बारीक रेघ, जोर दिला की जाड. खोल जागी मी आपोआप जोर देत होते. तळवा काचेवर टेकला तरी डाग उठत नव्हता.

हे घरी येऊन करता येत नाही. घरी फक्त फोटो असतो आणि फोटोला भेग आणि रेघ एकच. कॅमेरा उजेड पकडतो, पण माणसाने कुठे कोरलं आणि पावसाने कुठे फोडलं हा निवाडा तिथेच, स्पर्शाने करावा लागतो, आणि तो निवाडा त्याच जागी त्याच क्षणी उतरवून ठेवायला आयफोनवर सोय नाही. ॲपलचं पेन आयपॅडवर चालतं, आयफोनवर चालत नाही. आयपॅड घेऊन सड्यावर हिंडायचं वय माझं राहिलं नाही, आणि त्यासाठी वेगळे पैसेही नाहीत.

गमावलं ते मोठं आहे. ती टोनची सहज ओढ गेली. पालखीचा फोटो गेला. मुठीत मावणारा आकार गेला. शिवाय एक गोष्ट मला सलते. आधीच्या एस२४ अल्ट्राच्या पेनात ब्लूटूथ होतं, फोन तिपाईवर लावून दुरून पेनाचं बटण दाबलं की फोटो निघायचा. मापासाठी चित्राशेजारी पट्टी धरून एकटीने उभं राहताना ते किती उपयोगी पडलं असतं. एस२५ मध्ये ते काढून टाकलं. चांगली चाललेली सोय कंपनीने का काढावी, हे मला पटलेलं नाही. मिळालं त्यात सात वर्षं सुरक्षा अपडेट देण्याचा शब्दही आहे. मला फोन सारखे बदलायचे नसतात, त्यामुळे तो शब्द मी गांभीर्याने घेतला आहे. अर्थात आयफोनही टिकतात. २०१८ च्या एक्सएसला २०२४ ची आयओएस १८ मिळाली.

भाच्याशी ठरलंय. पावसाळा सरला, गवत वाळलं, की दोन्ही फोन सड्यावर जातील. टोन खाली ओढून फोटो त्याने काढायचे, रेघ मी ओढायची, पट्टी दिराने धरायची. पहिला नंबर देवीहसोळच्या कातळात कोरलेल्या चौकोनाचा, कारण त्याच्या आतल्या वळणांबद्दल आमच्यात आत्ताच वाद सुरू आहे.