गॅस गेला कुठे?

सोलापूरचा उन्हाळा सांगून कळत नाही. पारा चाळिशी ओलांडतो आणि रात्रीसुद्धा स्लॅबखाली बसवत नाही. 2019 साली रमजान मे महिन्यातच आला. अब्बांना दम्याचा त्रास, तरी रोजा सोडायला तयार नाहीत. आजाऱ्याला सवलत आहे, फिदिया देता येतो, हे त्यांना माहीत नाही असे थोडेच! आधार एवढाच, की भाईजानने आदल्या वर्षी हप्त्यावर घेतलेला एसी त्यांच्या खोलीत होता. नेमका तोच रुसला. "हवा आती है, ठंडक नै आती," अम्मीची तक्रार.

मेकॅनिक आला. पाचच मिनिटांत म्हणाला, "गॅस संपला, भरावा लागेल." पण गॅस काही स्टोव्हमधले रॉकेल नव्हे, जळून संपायला. तो बंद नळीतच फिरतो. खोलीतली उष्णता घेऊन त्याची वाफ होते, बाहेरच्या यंत्रात ती उष्णता टाकून तो पुन्हा द्रव होतो. कमी झाला तर कुठेतरी गळतीच असणार. ती न शोधता भरला तर पुन्हा जाणार. "गळती कुठे आहे, भाई?" एवढेच मी विचारले. जुम्याच्या नमाजनंतर येतो म्हणाला, तो आलाच नाही.

शाळेला सुट्टी होती. मेन स्विच बंद करून जाळ्या काढल्या, तर त्यांवर नमद्यासारखा पांढरा थर! आमच्या गल्लीत पॉवरलूम. रुई वाळत घातलेल्या कपड्यांवर बसते, ती एसीला का सोडेल? गच्चीवरच्या यंत्राच्या पत्र्याही बुजलेल्या. आतली उष्णता बाहेर पडायला वाटच नव्हती. जाळ्या साध्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवल्या. बाहेरच्या पत्र्या नाजूक, जोराने घासल्या तर वाकतात. मऊ ब्रश आणि पाण्याची बारीक धार पुरली.

अब्बांनी रुईचा पुंजका चिमटीत धरला. "ये टॉवेल का सूत है," म्हणाले. तीस वर्षे लूमवर काढलेला माणूस. मग हसून, "मशीन में एक साल में इत्ता, तो मेरे सीने में कित्ता होगा, बेटी?" आम्ही कोणी हसलो नाही.

आत जाणाऱ्या आणि बाहेर येणाऱ्या हवेत आधी जेमतेम 4 अंशांचा फरक होता, आता थर्मामीटरने 10 दाखवला. पश्चिमेच्या खिडकीला जाड चादर लावली, स्लॅबवर चुना मारला. भाईजान रिमोटवर 16 करायचे. त्याने आमचा एसी काही लवकर थंड करत नव्हता, फक्त थांबत नव्हता. 24 वर ठेवला.

संध्याकाळचे कमी व्होल्टेज तेवढे आमच्या हातात नव्हते. इफ्तारनंतर अब्बा बिलाच्या धास्तीने बटण बंद करून तरावीहला जात. ते कोपऱ्यावरून वळले की अम्मी पुन्हा लावत.